सिलिअ‍ॅक: गहू सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

माझी पहिली चूक डॉक्टरांकडे जायच्या आधीच झाली. पोट सतत फुगलेलं, दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येईना, आणि कुणीतरी म्हणालं, "गहू बंद करून बघ." केला बंद. तीन आठवड्यांत पोट हलकं झालं, अंगात जरा जीव आला. मोठ्या उत्साहात डॉक्टरांना हे सांगायला गेले, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता तपासणीत काही दिसलं नाही तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? परत गहू सुरू करा. सहा आठवडे, रोज, एकापेक्षा जास्त वेळा." ते सहा आठवडे मी अजून विसरलेले नाही. त्रास होणार हे पक्कं माहीत असताना सकाळी ब्रेडचे दोन स्लाइस समोर घेऊन बसायचं आणि औषधासारखे चावून गिळायचे.

म्हणून या लेखातली सर्वांत कामाची ओळ आधीच सांगून टाकते: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका. बाकी सगळं नंतर शिकता येतं.

हा आजार नेमका काय आहे

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही, आणि 'गहू पचत नाही' इतकं साधंही ते नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि तिला चिथावतं ते ग्लूटेन. गहू, राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) आणि बार्ली म्हणजे जव, या तीन धान्यांत ही प्रथिनं असतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवट ताण येतो, तो ग्लूटेनचाच. आपल्या पाचक रसांना त्याचे पुरते तुकडे करता येत नाहीत, कुणाच्याच नाही. लांबलचक तुकडे तसेच उरतात आणि बहुतेकांच्या पोटातून निमूट निघून जातात. पण ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ या प्रकारची जनुकं आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत गोष्ट बिघडते. आतड्याच्या अस्तरातलं ट्रान्सग्लूटामिनेज नावाचं एन्झाइम त्या तुकड्यात थोडा बदल करतं, प्रतिकारशक्तीच्या पेशी तो शत्रू समजून पकडतात, आणि त्या धुमश्चक्रीत मार खातं ते अस्तर.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. डॉक्टर तिला विलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम तिचं. या आजारात ती झिजून सपाट होते. लोह, कॅल्शियम आणि फॉलिक अ‍ॅसिड मुख्यतः आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं, आणि सर्वांत जास्त नासधूस तिथेच होते. त्यामुळे पुष्कळांची पहिली तक्रार पोटाची नसतेच. रक्त भरत नाही, एवढंच असतं.

जनुकं असली म्हणजे आजार झालाच असं नाही. अनेक देशांत ३० ते ४० टक्के लोकांकडे ती असतात, आणि आजार होतो तो साधारण शंभरात एकाला. तो लहानपणी होऊ शकतो, तसा साठीतही.

संशय कधी घ्यायचा

जुलाब, वजन घटणं, पोट फुगणं ही पाठ्यपुस्तकातली लक्षणं. ती असतील तर कुणी ना कुणी तपासणी सुचवतंच. अडचण होते ती बाकीच्यांची. औषधाला दाद न देणारा रक्तक्षय, न संपणारा थकवा, तोंडात वारंवार येणारे छाले, कमी वयात ठिसूळ झालेली हाडं, विनाकारण वाढलेली यकृताची एन्झाइम्स, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, हातापायांत मुंग्या, दातांच्या एनॅमलमधले दोष, उंची न वाढणारं किंवा वयात उशिरा येणारं मूल. काहींना उलट बद्धकोष्ठ असतं, काहींचं वजन जास्त असतं, आणि केवळ तेवढ्यावरून "तुम्हाला सिलिअ‍ॅक कसा असेल?" असं ऐकावं लागतं. असू शकतो. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर खाजरे बारीक फोड येत असतील तर तो याच आजाराचा त्वचेवरचा अवतार असू शकतो. त्याचं निदान फोडाशेजारच्या कातडीचा नमुना घेऊन होतं.

काही लक्षणं नसली तरी तपासून घ्यावं अशीही माणसं आहेत: टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेली, डाउन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेली, आणि रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं. या रक्ताच्या नात्यात साधारण दहात एकाला आजार निघतो. माझं निदान झाल्यावर भावाला तपासणी करायला लावली तेव्हा तो हसत होता. रिपोर्ट आल्यावर हसू थांबलं.

तपासण्या, आणि त्यांचा क्रम

पहिली पायरी रक्ताची. टीटीजी-आयजीए ही तपासणी आधी करतात. मघाच्या ट्रान्सग्लूटामिनेजविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीए प्रकारची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) ती मोजते. तिच्या जोडीला एकूण आयजीए मोजलंय ना, हे स्वतः विचारा. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांपैकी २ ते ३ टक्के लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच अत्यल्प असतं. अशा माणसाची टीटीजी-आयजीए 'नॉर्मल' येते आणि तो निश्चिंत होऊन घरी जातो. त्याच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या वेगळ्या तपासण्या आहेत. कधी ईएमए ही प्रतिपिंडांचीच दुसरी तपासणीही सांगतात, ती खात्रीसाठी.

दुसरी पायरी एंडोस्कोपी आणि बायॉप्सी. तोंडातून बारीक नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कणभर नमुने घेतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात बहुतेक वेळा काही मिनिटांचं काम. घशात फवारा मारून किंवा गुंगीचं औषध देऊन करतात. इथेही एक गोष्ट आधी विचारून ठेवा: नमुने किती घेणार? नुकसान सलग नसतं, एक तुकडा चांगला आणि शेजारचा खराब असं होतं. म्हणून आतड्याच्या पुढच्या भागातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन, असे घ्यावेत अशी शिफारस आहे. रिपोर्टवर 'मार्श' असा शब्द आणि ० ते ३ मधला आकडा दिसेल. ३ म्हणजे लव झिजलेली आहे. त्यापुढचं अ, ब, क हे किती झिजली त्याचं माप.

मुलांच्या बाबतीत एक सवलत आहे. टीटीजी-आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमएही पॉझिटिव्ह असेल, तर बालपोटविकारतज्ज्ञ पालकांशी बोलून बायॉप्सीशिवाय निदान करू शकतात. ठरवायचं ते त्यांनी, रिपोर्ट बघून आपण नव्हे.

जनुकांची तपासणी सगळ्यांना लागत नाही. तिचा खरा उपयोग 'नाही' म्हणण्यासाठी: डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर हा आजार जवळपास अशक्य. असतील, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. केस, लाळ किंवा शंभर पदार्थांची 'फूड सेन्सिटिव्हिटी' तपासून सिलिअ‍ॅक सांगणाऱ्यांकडे मात्र पैसे घालवू नका.

आणि गहू आधीच सोडला असेल तर? घाबरू नका, पण लपवूही नका. डॉक्टर माझ्यासारखं परत खायला सांगतील; किती आणि किती दिवस ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. त्रास फारच झाला तर कमी दिवसांतही काही वेळा उत्तर मिळतं.

पहिला आठवडा: कण मोजायला शिका

निदान पक्कं झालं की उपचार एकच, ग्लूटेन पूर्ण बंद, आणि तो जन्मभर. यावर आज मान्यताप्राप्त गोळी नाही. ग्लूटेन पचवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलच्या भरवशावर ब्रेड खाता येत नाही.

पथ्याचा शोध कसा लागला ते मला नेहमी विलक्षण वाटतं. १८८८ साली सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरने आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय आहारातच असणार हेही ओळखलं, पण कुठला पदार्थ दोषी ते कळायला पुढची साठेक वर्षं गेली. विलेम डिके हा डच बालरोगतज्ज्ञ गव्हावर संशय धरून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि आजूबाजूचे लोक खंगत असताना हा आजार असलेली मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी ती परत आजारी पडली. १९५० साली त्याने आपला प्रबंध मांडला.

आता हिशेब. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याची झीज दिसली, असं एका अभ्यासात आढळलं. रोजचं १० मिलिग्रॅमपेक्षा कमी बहुतेकांना सोसतं असं मानतात. म्हणजे त्या स्लाइसचे दोनशे तुकडे करा. त्यातला एक तुकडा ही दिवसभराची हद्द. "एवढ्याशानं काय होतंय" असं म्हणणाऱ्याला मी हेच गणित सांगते. वाद घालण्यापेक्षा ते लवकर संपतं.

या हिशेबानं स्वयंपाकघर बघितलं की धोका कुठे आहे ते दिसायला लागतं. लोण्याची बरणी उघडा आणि उजेडात तिरकी धरून बघा. सुरीने ब्रेडवरून परत बरणीत आणलेले तपकिरी कण पृष्ठभागावर दिसतील. जॅमचं तेच, चटणी-सॉसच्या वाटीचं तेच. घरात गहू राहणार असेल तर अशा गोष्टी तुमच्यासाठी वेगळ्या ठेवा, झाकणावर रंगीत पट्टी चिकटवा. टोस्टर वेगळाच हवा. लाकडी चमचे, लाकडी पाट, चाळणी, गाळणी या वस्तूंच्या भेगा आणि छिद्रांत पीठ अडकून राहतं. त्या नवीन घ्या. स्टीलची, काचेची भांडी साबणाने नीट घासली की पुरतं. उकळल्याने किंवा भाजल्याने ग्लूटेन नष्ट होत नाही, आणि सॅनिटायझरनेही जात नाही. ते घासून, धुऊनच निघतं. ज्या तेलात पीठ लावलेले पदार्थ तळले त्याच तेलात तुमचे बटाटे तळायचे नाहीत.

कोरडं पीठ हवेत उडतं आणि सगळ्या ओट्यावर बसतं. घरातल्यांना गव्हाचं पीठ चाळायचं-मळायचं असेल तर तुमचा स्वयंपाक आधी उरकून झाकून ठेवा. मी तर त्या वेळी खोलीबाहेरच जाते. घरच्यांना आधी ते नाटकी वाटलं. मग सवय झाली.

काय खायचं, आणि डब्यावर काय वाचायचं

मुळातच ग्लूटेन नसलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे: तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, क्विनोआ, सगळ्या डाळी, बटाटा, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, मांस, सुकामेवा. कुट्टूला इंग्रजीत 'बकव्हीट' म्हणतात, पण नावातल्या 'व्हीट'ला फसू नका, त्याचा गव्हाशी संबंध नाही. मात्र यांचं पीठ घेताना विचारा की ते कुठल्या गिरणीत दळलं. गव्हानंतर त्याच जात्यात दळलेलं ज्वारीचं पीठ तुमच्यासाठी गव्हाचंच. शक्य तर धान्य आणून, निवडून, धुऊन, घरी दळा.

मैदा, रवा, दलिया, कोंडा, खपली, स्पेल्ट, कामुट, ट्रिटिकेल ही सगळी गव्हाचीच घराणी किंवा नातलग. 'जुना, देशी गहू चालतो' ही अफवा आहे.

डब्यावर 'व्हीट-फ्री' असेल तर ते 'ग्लूटेन-फ्री' नव्हे. त्यात राय किंवा बार्ली असू शकते. 'माल्ट' हा शब्द दिसला की थांबा. तो बहुधा बार्लीचा असतो आणि कॉर्नफ्लेक्स, चॉकलेट, शक्तिवर्धक पेयं अशा भलत्याच जागी सापडतो. नेहमीची बिअर बार्लीची. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. सूप, सॉसेज, मसाल्यांची मिश्रणं, चवीचे वेफर्स यांत दाटपणासाठी पीठ घालतात. 'ग्लूटेन-फ्री'चं आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानक किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. असं अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच्या आतच राहतं. तोच आपला मघाचा हिशेब. कंपन्या पाककृती न सांगता बदलतात, त्यामुळे ओळखीचा डबाही दर वेळी वाचायचा.

ओट्सचं थोडं वेगळं आहे. त्यातलं प्रथिन निराळं, आणि बहुतेक रुग्णांना शुद्ध ओट्स चालतात. पण साधे ओट्स शेतापासून गोदामापर्यंत गव्हाशी मिसळलेले असतात, आणि थोड्या जणांना शुद्ध ओट्सही बाधतात. पहिले काही महिने ते नकोतच. तब्येत आणि रक्ताचे आकडे स्थिरावले की डॉक्टरांना विचारून 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेले थोडेसे सुरू करून बघा.

औषधांच्या गोळ्यांत कधी स्टार्च असतो. औषध घेताना फार्मासिस्टला विचारा, पण स्वतःहून औषध बंद करू नका. शाम्पू, क्रीमची चिंता सोडा, कातडीतून हा आजार होत नाही. ओठांना लावायच्या गोष्टी तेवढ्या बघून घ्या, त्या पोटात जातात.

आणखी एक इशारा. 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं आणि केक हे शेवटी बिस्किटं आणि केकच. त्यांत साखर, चरबी पुष्कळदा जास्त आणि तंतू कमी. आतडं भरून आल्यावर शोषण सुधारतं, वजन वाढतं, आणि कोंडा गेल्यामुळे बद्धकोष्ठ होतं. सकाळ-संध्याकाळ नुसता तांदूळ खाऊ नका, धान्यं बदलत राहा. निदानानंतर एकदा तरी आहारतज्ज्ञाकडे बसा, जमलं तर या आजाराची माहिती असलेल्या.

बाहेर जेवताना

'मला ग्लूटेन चालत नाही' या वाक्याने फारसं काही होत नाही. समोरचा मान डोलावतो. त्याऐवजी नेमकं विचारा: यात पीठ किंवा सोया सॉस आहे का, हे तेल कशाकशाला वापरता, माझ्यासाठी तवा धुऊन घ्याल का? एकदा मला आणलेल्या सॅलडवरचे तळलेल्या ब्रेडचे तुकडे वेचून काढून तेच ताट परत आणून दिलं होतं. पानाखाली एक तुकडा तसाच राहिला होता, म्हणून कळलं. तेव्हापासून मी 'काढून आणू नका, नवीन आणा' हे आधीच सांगते. गर्दीची वेळ टाळा, साधे पदार्थ मागवा, आणि उत्तर देणारा अडखळला तर फक्त चहा प्या. पर्समध्ये दाणे आणि केळं ठेवा. उपाशी माणूस चुकीचे निर्णय घेतो.

कुणाच्या घरी जेवायला असेल तर मी दोन दिवस आधी फोन करते आणि माझा एक डबा घेऊन येते असं सांगून टाकते. यजमानही सुटतात.

चुकून पोटात गेलंच तर उतारा नाही. पाणी, विश्रांती, साधं जेवण. काहींना तासाभरात उलट्या होतात, काहींना काहीच होत नाही. ज्यांना काहीच होत नाही त्यांनी जास्त जपावं, कारण त्यांना चूक कळतच नाही.

पुढची तपासणी

निदानाच्या वेळीच लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घ्या. मोठ्या माणसांनी हाडांच्या घनतेची तपासणीही डॉक्टरांना विचारावी. या आजारात काहींच्या प्लीहेचं काम मंदावतं, म्हणून न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लस सुचवतात. तिचाही विषय काढा. सुरुवातीला दूध बाधलं तर खचू नका. दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्या लवेच्या टोकाशीच तयार होतं. लव परतली की बहुतेकांना दूधही परत चालतं.

टीटीजी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी मोजतात. आकडा हळूहळू उतरतो. मुळात फार वर असेल तर नॉर्मलला यायला वर्षाहून जास्त लागू शकतं. बरं वाटणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांना दोन वर्षं किंवा अधिकही लागतात.

वर्षभर पथ्य करूनही लक्षणं किंवा आकडा हटत नसेल तर पथ्याला न जुमानणारा दुर्मीळ प्रकार लगेच मनात आणू नका. बहुतेक वेळा कुठून तरी ग्लूटेन येत असतं. त्यानंतर लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर न पचणं, आतड्यात वाढलेले जिवाणू, मोठ्या आतड्याची सूज अशी कारणं डॉक्टर तपासतात. दोन आठवडे पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, गोळ्या आणि च्युइंगगमसकट, आणि ती वही आहारतज्ज्ञाला दाखवा.

माझा आकडा आठव्या महिन्यात उतरायचा थांबला होता. वहीत काही सापडेना. डबे तपासले, बरण्या तपासल्या. शेवटी आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तांदळाचं पीठ चाळता कशात?" घरी येऊन चाळणी पांढऱ्या कागदावर उलटी आपटली. कडेच्या पत्र्याच्या घडीतून जुन्या मैद्याची बारीक रेघ पडली, नखाएवढी. टोस्टर बदलला होता, चमचे बदलले होते, चाळणी तेवढी राहून गेली होती. पुढच्या तपासणीत आकडा परत खाली आला. नवी चाळणी प्लॅस्टिकच्या कडेची आहे, आणि ती माझ्या कपाटात असते.